पिक अप म्हणजे न्यायला येणं

इंग्रजी मला चांगलं येतं. उगाच नाही नाही म्हणत विनय दाखवायची मला सवय नाही. मुरबाडच्या बाजूला एका शाळेत मी इंग्रजी शिकवते, आणि बाळंतपणाला शेणव्याला माहेरी आले तेव्हाही गप्प बसवेना. बाळ जरा अंग धरायला लागल्यावर बाबांच्या पडवीत संध्याकाळचा क्लास सुरू केला. दहावीच्या काही मुली, शहापूरला कॉलेजला जाणारी दोघंतिघं, आणि वाशिंदच्या कारखान्यात लागलेला एक दादा. त्याला साहेबासमोर तोंड उघडायचं होतं, बस. आई म्हणायची, "बाळंतिणीनं येवढं बोलू नये गो, वात होतो." मी म्हणायचे, "न बोलता बसले तर मला दुसरंच काहीतरी होईल."

पोरांची खरी अडचण व्हायची ती फ्रेजल व्हर्बला. एकेक शब्द त्यांना पाठ असतो. टेक म्हणजे घेणे, ऑफ म्हणजे बंद. मग टेक ऑफ म्हणजे विमान उडतं ते कसं काय? पोरं डोळे वटारून माझ्याकडे बघतात, जसं काही मीच ही भाषा रात्री बसून बनवली. म्हणून मी नेहमी पिक अपपासून सुरुवात करते, कारण तो शब्द आमच्याकडे येऊन कधीच स्थायिक झालाय. त्याला आता रेशन कार्ड तेवढं मिळायचं बाकी आहे.

"सांगा, कुठं कुठं ऐकलाय?" मी विचारलं.

पहिली मुलगी म्हणाली, टेम्पो. बरोबर आहे. भाजी, विटा, मंडपाचे बांबू, लग्नाची वरात, सगळं आमच्याकडे पिकअपमधूनच जातं. दुसरा म्हणाला, "मॅडम, बाइकला पिकअप नाय." तेही खरं, घाट चढताना आमच्या निम्म्या गाड्या दम खातात. वाशिंदवाला दादा म्हणाला, "कंपनीच्या बसचा पिकअप पॉइंट." एक मुलगी म्हणाली, फोन पिक अप करत नाय. आणि कोपऱ्यातली एक बारीक आवाजात म्हणाली, "खाली पडलेलं उचलायचं, तेच ना पहिलं?" मी म्हटलं, शाब्बास, तेच पहिलं, बाकीचे सगळे त्याचे नातेवाईक. मग मी माझे दिले. कोणी न शिकवता कानावर पडून भाषा येते, ते पिक अप. शाळेतून पोर खोकला घेऊन येतं, तेही पिक अप. दिवाळीच्या आधी दुकानात गिऱ्हाईक वाढतं, धंदा पिक अप होतो. आणि स्टेशनवर पाहुण्याला घ्यायला जातो, तेही पिक अप.

इथं मी जरा थांबले, कारण इथं मला नेहमी गंमत वाटते. मराठीत हे एका शब्दात होतच नाही. आधी सांगा, तुम्ही कुठं उभे आहात? सासरची माणसं सुनेला "न्यायला" येतात. माहेरची माणसं लेकीला "आणायला" जातात. त्याच बाईला, त्याच पिशवीसकट. नुसता शब्द ऐकून कळतं की बोलणारा कोणाच्या घराचा आहे. इंग्रजीला त्याचं काही देणंघेणं नाही. पार्सल असो, बायको असो, पाहुणा असो, गाडी लावा, पिक अप करा, निघा. मी हे रंगात येऊन सांगत होते. पोरं हसत होती. तेवढ्यात दहावीतली एक आगाऊ मुलगी, जिची आई आमच्या दोन घरं पलीकडे राहते, म्हणाली, "मग मॅडम, तुमाला पिक अप करायला कदी येणार?"

वाशिंदवाल्या दादानं वहीत डोकं घातलं. त्या मुलीला तिच्या मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं. गावात कोणाच्या घरी काय शिजतं ते पोरांना आपल्या आधी कळतं. मी म्हटलं, "वाक्य इंग्रजीत विचार, मग उत्तर देते." ती काही इंग्रजीत विचारू शकली नाही, पण मला ते रात्रभर टोचत राहिलं. मला माझ्या घरी जायचं होतं, आणि मला न्यायला कोणी येत नव्हतं.

भांडण कशावरून, तर जेवणावरून. हसू नका. मुलीचं नामकरण बाबांनी मोठं केलं. मंडप, बुद्धवंदना, सगळं थाटात. सासरची माणसं मुरबाडकडून जीप करून निघाली आणि त्यांची जीप किन्हवलीच्या अलीकडे बंद पडली. इकडं दुपार कलली. गावातली म्हातारी माणसं, पोरंटोरं भुकेली झाली. बाबांचा जीव मोठा, पण घाईचा. म्हणाले, "एक पंगत उठवून घेऊ, पाव्हनं येईपर्यंत." आता आमच्याकडे लेकीच्या सासरच्यांच्या आधी गावानं जेवणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचं नाही. ते आले तेव्हा दुसऱ्या पंगतीची पानं मांडत होते आणि पहिल्या पंगतीची उष्टी अजून मंडपाच्या कडेला पडली होती. सासूबाईंनी ती बघितली. जेवल्या, नातीला मांडीवर घेतलं, आणि उठल्या. आणि उठताना जे सांगायचं असतं ते सांगितलं नाही.

जाताना सासरची माणसं न्यायचा दिवस सांगून जातात. अमुक वारी न्यायला येतो, तयारी ठेवा. तसं सांगितलं म्हणजे सगळं ठीक आहे. सासूबाई जीपमध्ये बसल्या, जीप गेली, आणि दिवस कोणी सांगितलाच नाही. माझा नवरा मागच्या सीटवरून माझ्याकडे असं बघत होता की मला त्याची दया आली आणि रागही आला.

तेव्हापासून दोन्ही घरं अडून बसली. बाबा म्हणायचे, "त्यांनी दिवस सांगला नाय. सांगतील तेवा पाठवू. माजी लेक काय वाटेवर पडलेली नाय." तिकडून नवऱ्याच्या फोनवर सासूबाईंचं म्हणणं कळायचं, "गाव आदी जेवला ना? मग गावानंच तिला सोडायला यावं." म्हणजे यांनी पोचवायला जायचं नाही आणि त्यांनी न्यायला यायचं नाही. मधे मी आणि माझी एवढीशी पोर.

आमची गंमत बघा. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांच्या पिढीनं देव सोडले, उपास सोडले, मुहूर्त सोडले. बाबा गावातल्या सभेत उभं राहून जुन्या रूढींवर असं बोलतात की पोरं टाळ्या वाजवतात. पण "न्यायला कोण येणार" ही रूढी दोन्ही घरांत अशी ठाण मांडून बसलेली की तिला धक्का लावायची कोणाची छाती नाही. मी एकदा बाबांना हे बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "ही रूढी नाय, हा मान हाय." मी म्हटलं, "बाबा, सगळ्या रूढीवाले हेच म्हणतात."

नवऱ्याचं काय सांगू. चांगला माणूस आहे, अगदी लोण्यासारखा, आणि लोण्याची अडचण तीच असते. मुरबाडच्या कारखान्यात शिफ्टला जातो. रोज फोन करायचा. "काय करते ती? दूध पिली? मी येतो गं, पण आईला जरा..." मी म्हणायचे, "आईला जरा काय? जरा काय ते पूर्ण कर." मग तो परत दुधाचं विचारायचा. माझं तोंड तिखट आहे हे मला माहीत आहे, पण अशा वेळी गोड बोलून काय मिळतं?

मुलीच्या लसीच्या डोसाच्या दिवशी मात्र तो यायचा. घरी नाही हं. घरी आला तर न्यायला आला असा अर्थ होईल आणि त्याच्या आईचा मान जाईल. म्हणून तो बाइकवरून थेट आरोग्य केंद्रावर यायचा. मी तिथं बाळाला घेऊन रांगेत, आणि हा हेल्मेट काखेत मारून माझ्या शेजारी. तिला घ्यायचा, तिच्या टाळूचा वास घ्यायचा, सुई टोचताना स्वतःच डोळे मिटायचा. मग केंद्राच्या फाटकापाशी तिला माझ्याकडे द्यायचा आणि उलट्या दिशेला निघून जायचा. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. आई वाट बघत बसलेली असायची, चहाचं आधण ठेवून. एकदा नर्सबाईंनी विचारलं, "काय हो, तुमचं भांडण झालंय का?" मी म्हटलं, "आमचं नाही. आमच्या मोठ्यांचं झालंय, आम्ही फक्त ते पाळतोय."

असे दिवस जात राहिले. माझी रजा संपत आली. शेतं कापून झाली, भात झोडून झालं, वालाला फुलं आली. क्लासमध्ये आम्ही पिक अप सोडून गिव्ह अपवर आलो, लुक आफ्टरवर आलो. त्या आगाऊ मुलीनं परत काही विचारलं नाही, पण क्लास सुटल्यावर बाळाजवळ जाऊन बसायची. मला वाटतं तिला वाईट वाटलं असावं.

आणि मग एका दुपारी पोर पालथी पडली. गोधडीवर उताणी होती, एक हात अंगाखाली अडकवून घेतला, लालबुंद झाली, कुंथली, आणि वळली. मान वर करून अशी बघायला लागली जणू सिद्धगड सर केला. मी ओरडले, आई ओरडली, बाबा परड्यातून धावत आले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या भिंतीपाशी उभा होता. ती परत वळेना, मेली. मी तिला उताणी केली, खुळखुळा हलवला, ती नुसती हसत राहिली. तो मोबाइलच्या त्या काचेत डोकं घालून म्हणत होता, "वळ ना गं, वळ ना, बाबाला दाखव." भोंगा झाला. त्याला आत जायचं होतं. म्हणाला, "जाऊ दे. तू बघितलंस ना?" आणि तसाच आत गेला.

संध्याकाळी त्याचा परत फोन. "मी उद्या येतो. आईला नाय सांगत. कामावर जातो म्हणून निघतो आणि तुमाला घेऊन येतो." चार महिने हेच ऐकायला मी आसुसले होते, आणि ऐकल्यावर मात्र डोकं फिरलं. मी म्हटलं, "चोरून नाही यायचं. माझी मुलगी चोरीचा माल नाही. आणि तुझ्या आईच्या पाठीमागून मी तिच्या घरात शिरणार नाही." फोन ठेवला आणि तिथंच ठरवलं. न्यायला कोणी येत नाही आणि पोचवायला कोणी जात नाही, तर मधला रस्ता काय कोणाच्या बापाचा आहे? एसटी सगळ्यांसाठी धावते.

आईला सांगितलं. ती उठून डब्यात खायचं भरायला लागली. बाबा मात्र उखडले. "न्यायला कोन आला नाय नि पोरगी आपली आपण निघाली, तर लोकं काय म्हणतील? हाकलली म्हणतील बापानं! नायतर म्हणतील, नवऱ्याशिवाय ऱ्हावेना!"

"नाहीच राहवत," मी म्हटलं. "त्यात लाजायचं काय आहे? मला माझा नवरा पाहिजे, माझं घर पाहिजे, आणि हिला हिचा बाप पाहिजे. तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा, मी त्याला हात लावत नाही."

बाबा तरातरा बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मी बाळाला गुंडाळून निघाले तर माझी मोठी बॅग त्यांनी आधीच खांद्यावर टाकलेली. नाक्यापर्यंत आले. रस्त्यात कोणी विचारलं की म्हणायचे, "जाते हाय ती," बस्, एवढंच. मुरबाडची गाडी आली. त्यांनी बॅग वर चढवली, मला सीट धरून दिली, आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरले, कारण गाडीत बसून राहिले असते तर पोचवायला गेले असं झालं असतं. खिडकीखाली उभे होते. वर हात करून बाळाचा पाय धरला आणि गाडी हलेपर्यंत धरूनच ठेवला. इतका राग आलेला बाबांचा, पण त्या घटकेला मी रडले. मग डोळे पुसले आणि कंडक्टरला सांगितलं, एक फुल मुरबाड, बाळाचं तिकीट लागत असेल तर तेही फाडा.

मुरबाडला उतरून जीप धरली. जीपवाला ओळखीचा, म्हणाला, "वहिनी, एकट्याच? दादा कुठंयत?" मी म्हटलं, "कामावर. तुम्ही गाडी बघून चालवा." फाट्यावर उतरले, बॅग ओढत, पोर कडेवर घेऊन, घरांच्या मधून चालत गेले. दारादारांतून बायका बघत होत्या. एकजण म्हणाली, "आली का गो? कोन सोडाया आलाय?" मी हसून पुढं गेले.

सासूबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला बघितलं आणि सूप थांबलं. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही. माझ्या मागं बघितलं. वाट रिकामी होती.

"मागनं कोन येतंय?"

"कोणी नाही."

"बाप?"

"नाही आले."

"मग तुला सोडली कुनी?"

"कोणी नाही सोडली, आई. मीच आले. गाडीनं आले. ही तुमची नात, आणि हे माझं घर."

त्यांनी सूप खाली ठेवलं. उठल्या, गुडघे धरत. दारात गेल्या आणि वळून म्हणाल्या, "थांब तितंच. आत पाय टाकू नको." आणि आत गेल्या.

मी एवढी बोलणारी बाई, पण बॅग खाली टेकवून तिथंच उभी राहिले. शेजारची काकू कुंपणाला टेकून बघत होती. पोरीला भूक लागलेली, ती माझ्या खांद्यावर तोंड घासत होती. दार असंच राहिलं तर? परत त्याच फाट्यावर, त्याच जीपमधून, सगळ्या गावासमोरून? आणि बाबांच्या दारात काय सांगायचं? ठरवून आले तेव्हा यातलं काही डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, मी येईन, चार शब्द सुनावेन, घरात शिरेन. आत भांड्यांचा आवाज येत होता. त्यांना बाहेर यायला किती वेळ लागला कोण जाणे, मला फार वाटला.

आल्या त्या एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन. आमच्याकडे नजरबिजर कोणी मानत नाही, पण बाळंतीण पहिल्यांदा घरात आली की भाकरतुकडा सगळ्याच ओवाळतात. माझ्यावरून, पोरीवरून ओवाळला, लांब टाकला. माझ्या पायांवर पाणी ओतलं. अर्धं पाणी बॅगेवर गेलं. म्हणाल्या, "ये."

आत गेल्यावर पोरीला माझ्याकडून घेतलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी समोर बसले. कितीतरी वेळ त्या तिच्याशीच बोलत होत्या, "काय गो, काय गो," एवढंच. मग तिच्याकडेच बघत मला म्हणाल्या,

"तुज्या नवऱ्याच्या वेळेला मी बी म्हायेरी व्हते. असंच कायतरी झालेलं, आता आठवत बी नाय कशावरून. हितले म्हणाले, सोडाया या. माजा भाऊ म्हणाला, न्यायाला या. पोरगं पालथं पडलं, रांगलं, धरून उभं ऱ्हायलं. या घरात आलं ते आपल्या पायानं चालत आलं. मग भावानंच आणून सोडली. मान खाली घालून उभा व्हता अंगणात. पानी बी नाय पिला."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला गलबलून आलं, आणि दुसऱ्याच क्षणी तितकाच संताप आला. मी म्हटलं, "मग तुम्हाला तर माहीत होतं ना, आई, कसं वाटतं ते! रोज संध्याकाळी रस्त्याकडे डोळे लावून बसायचं. तुम्हीच का नाही पाठवलंत त्यांना? तुम्ही का नाही आलात न्यायला?"

मला वाटलं आता चिडतील. चिडल्या नाहीत. पोरीची मूठ उघडून त्यात स्वतःचं बोट घातलं आणि ती धरते का ते बघत राहिल्या.

"मला न्यायाला कोन आलाच नाय गो," त्या म्हणाल्या. "न्यायाला कसं जातात, ते मला कुटं म्हायती?"